दहाच्या आधीचं पाणी

सेन्सर बसवताना तिने बाल्कनीचं दार लोटून घेतलं. आत कामाच्या मावशी भांडी घासत होत्या, त्यांना हे दिसायला नको होतं. सापळा काय कुणी चोराला दाखवून लावतं?

लिंबाच्या कुंडीत, कडेपासून चार बोटं आत, मुळं चुकवून तिने तो चपटा तुकडा त्यावरच्या खुणेपर्यंत खोचला. भोवती पोकळी राहिली तर आकडा खोटा येतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. तिने अंगठ्याने माती घट्ट दाबली. फोनवर ओलाव्याचा आकडा उमटला, एकोणऐंशी टक्के. चाळीस पुरे होते. ही माती नव्हती, चिखल होता.

"बघ आता," बाबा बाल्कनीतल्या खुर्चीतून म्हणाले. "मी सकाळी एक मग घालतो. एकच. बाकी सगळी बाईंची मेहेरबानी. दोन कुंड्या बुडवून मारल्या, आता हे एक राहिलंय."

बाबांनी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. औषधाचा थेंब कधी इकडचा तिकडे झाला नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की तिला पाठ होतं. अशा माणसाच्या मापावर कोण शंका घेणार? त्यात हे लिंबू आईने बी पेरून वाढवलेलं. आई गेली, झाड राहिलं.

मावशींना तिने दोनदा बजावलं होतं, कुंड्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही. दोन्ही वेळा त्या "बरं ताई" म्हणाल्या होत्या. तोंडावर गोड बोलायचं आणि पाठ फिरली की आपलंच खरं करायचं, हे तिला जास्त झोंबत होतं.

ती राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाबांकडे येणं व्हायचं ते रविवारी. आठवडाभर ती ऑफिसात बसून फोनवर आकडा बघायची आणि दातओठ खायची. शुक्रवारी तिने दुसरी बाई ठरवूनही टाकली, बाबांच्या शेजारणीकडे काम करणारी. येत्या सोमवारपासून.

रविवारी तिने मावशींना हाक मारली. त्या ओले हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबा खुर्चीत सरसावून बसले.

"या यंत्रात सगळं नोंदलं जातं, मावशी. पाणी कधी पडलं, वेळेसकट. मी वाचून दाखवते, मग बोला तुम्हाला काय बोलायचं ते."

वेळांचं पान तिने आठवडाभरात एकदाही उघडलं नव्हतं. जिथे पाणी पडलं तिथे आलेखाची रेघ पायरीसारखी वर चढलेली होती.

"सोमवार. सकाळी सहा दहा." हा बाबांचा मग. "सहा पन्नास. सात पस्तीस. आठ वीस." तावातावात ती वाचत सुटली आणि मग जीभ अडखळली. मावशी दहाला यायच्या. तिने मंगळवार पाहिला, तेच. बुधवारी पाच पायऱ्या, पाचही दहाच्या आत. दहानंतर रेघ कधी चढलेलीच नव्हती, उलट रोज हळूहळू उतरत गेली होती. आणि सकाळी या घरात बाबांशिवाय कुणी नसायचं.

"वाच की. थांबलीस का?" बाबा म्हणाले.

तिचे कान तापले. मावशींकडे बघवेना, बाबांकडे तर त्याहून नाही.

"वाचायचं काय त्यात, ताई," मावशी म्हणाल्या. "माझ्याच हातून पडतं. घातलंय हे लक्षातच राहत नाही, परत घालते."

बाबांचा राग कुठल्या कुठे गेला. "असू दे, बाई. वय झालं की होतं असं."

मावशी पंचेचाळिशीच्या होत्या. बाबांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती.

"हो ना, आजोबा," म्हणत मावशी बाल्कनीत गेल्या. ती त्यांच्या मागोमाग गेली. मावशींनी बसून एका हाताने कुंडी कलती केली आणि खालची ताटली ओढून काढली. काठोकाठ भरलेली. थेंब न सांडता त्यांनी ती बादलीत रिकामी केली. हात रोजच्या सवयीचा होता. दहानंतर रेघ का उतरायची, ते तिला तेव्हा कळलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले असतील सहा महिने."

"मला सांगायचं तरी. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना विचारलं असतं."

तिला स्वतःची लाज वाटली. मावशींना खोटारडी म्हणून झालं होतं, शेजारणीकडे त्यांच्या कागाळ्या करून झाल्या होत्या, आणि इतकी वर्षं ज्या बापाची मुलगी म्हणवून घेतलं त्याचं काय चाललंय हे भांडी घासणाऱ्या बाईला आधी कळलं होतं.

"उद्यापासून दुसरी येणार आहे ना," मावशी ताटली पुसत म्हणाल्या. "तिला एवढं ताटलीचं सांगून ठेवा. नाहीतर हेही झाड जायचं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनेच. घर कसं आहे म्हणून विचारायला आली होती. मी म्हटलं, जा खुशाल, माणसं चांगली आहेत."

"कुणी येणार नाही उद्या," ती फरशीकडे बघत म्हणाली.

मागून बाबा आले. हातात भरलेला मग होता. "सरका गं दोघी. आज झाडाला पाणी घालायचं राहूनच गेलं."

मावशींनी रिकामी ताटली पटकन कुंडीखाली सरकवली. तिने हात लांब करून मातीतला सेन्सर उपसला, चिखलासकट खिशात टाकला आणि बाबांना जागा करून दिली.