चेंबूरचा पाहुणा

शीतलच्या आयुष्यावर सिनेमा निघाला, तेव्हा अंधेरीच्या स्टुडिओत तिची घाटकोपरची खोली मधल्या पडद्यासकट हुबेहूब उभी केली होती. तिचे वडील अंबादास मॉनिटरजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते.

शीतल रोज दुपारी चारला लाइव्ह यायची. अंबादासांना ते पसंत नव्हतं. सहा महिने त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. तरी पडद्याच्या अलीकडे बसून, मोबाइलवर 'चेंबूरचा पाहुणा' असं खोटं नाव घेऊन, ते तिला रोज बघायचे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या दुपारी त्यांनी 'जेवलीस का?' असं टाइप केलं आणि न पाठवताच पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी शीतल अपघातात गेली.

शॉट सुरू झाला. शीतलचं काम करणाऱ्या जान्हवीसमोर स्टँडवर नुसता डमी फोन होता. कमेंट्स नंतर कॉम्प्युटरवर टाकणार होते. काळ्या स्क्रीनकडे बघत तिने स्क्रिप्टमधली, कमेंट करणाऱ्यांची चारही नावं वाचली. मग ती थांबली.

"चेंबूरचा पाहुणा विचारतोय, जेवलीस का?"

"कट. हे कुठून आणलंस गं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"इथे आलंय ना, सर."

सहायकाने फोन काढून घेतला. जान्हवी रिकाम्या स्टँडकडेच बघत राहिली.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "पडद्याआडून किती दिवस विचारणार? आत या ना."