ढिगातली ऊब

धाकट्या कुलदीपचं लग्न झालं त्या साली अकोटच्या घरात कापसाचा ढीग आढ्याला टेकला. ओला कापूस आतून तापून पेटतो, या धास्तीनं नव्या सुनेनं, आचलनं, तापमानाचा सेन्सर डिस्प्ले बोर्डाला जोडून ढिगात खुपसला. सगळीकडे पंचवीस निघाले, खिडकीपाशी सदतीस.

"आई, इथं कापूस तापून राहिला!"

सासूनं, रुख्मिणीनं, हात घातला. कापूस कोरडा होता, पण माणूस निजल्यासारखा दबलेला. तिचे मालक खुशालराव दरसाल तिथंच राखणीला निजत.

"मशीनच बिघडली वाटते," म्हणत आचलनं सेन्सर काखेत धरला. तिथंही सदतीसच.

रुख्मिणीचे डोळे भरले. तिनं हात जोडले. "लई राखलं तुमी. उठा आता, चहा मांडतो."

दबलेला कापूस हळूहळू वर आला. आकडा उतरू लागला.

खुशालराव त्याच साली पोळ्याला, कापूस घरात यायच्या आधीच, वारले होते.