चौथा पेला

घरातल्या यंत्रमानवाचा हात तसा बसला होता, पण आजोबांच्या पेल्यात दूध ओतताना त्याच्याकडून हमखास सांडायचं. म्हणून आज कंपनीतून शिकवणारी बाई आली होती. आजोबा टेबलापाशी काठी धरून बसले होते. महिनाभर त्यांच्या अंगात त्राण म्हणून नव्हतं.

मुलाचा, सुनेचा आणि नातीचा पेला यंत्रमानवाने काठोकाठ भरला. थेंब इकडचा तिकडे नाही. चौथा भरताना मात्र त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि दूध सांडलं.

"सापडली चूक! लक्ष दाराकडे, मग सांडणारच की," बाई हसली.

तेवढ्यात त्याने साखरेच्या डब्यामागून एक छोटी बाटली काढली आणि त्या पेल्यात मोजून तीन थेंब टाकले.

"तुमचं औषध वाटतं, आजोबा?"

आजोबांना कुठलंच औषध चालू नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... हे त्याला कुणी शिकवलं?"

"मुद्दाम शिकवावं लागत नाही हो. घरात रोज जो दूध ओततो, त्याचं बघून हा हुबेहूब तसंच करतो. स्वतःच्या मनाचं काही नाही." तिने दोन-चार बटणं दाबली. "झालं. आता दाराकडे बघणार नाही. बाकी सगळं होतं तसंच ठेवलंय."

रोज दूध ओतणारा मुलगा दारातच उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"जमलं ना त्याला?" तो म्हणाला. "बरं झालं. उद्यापासून बाबांच्या दुधाला माझा हातसुद्धा लागायला नको."