न दुखणारा पाय

सुटीच्या सकाळी लिंबायत वस्तीतल्या खोलीत योगिता नवऱ्याच्या पायाला तेल चोळत होती. कापड विणायच्या लूमवर बारा तास उभं राहून वाल्मिकची कंबर धरायची आणि कळ पायात उतरायची. “राहू दे. दोन दिवसांपासून पाय दुखतच नाही,” तो खुशीत म्हणाला. “तुझ्या हाताला गुण आहे.” एरवी तळव्याला बोट लागलं की तो गुदगुल्यांनी उठून बसायचा. तिने तळव्यावरून नख फिरवलं. तो छताकडे बघत पडून राहिला. “अंगठा वर करा बरं.” “केला की.” अंगठा हलला नव्हता. वाटी बाजूला सारून तिने रिक्षा बोलावली. “अगं, दुखत होता तेव्हा नेलं नाहीस, आणि आता?” “तेव्हा दुखलेलं तुम्हाला कळत होतं.” रिक्षात तिने तो पाय मांडीवर घेतला. हात लागल्याचं त्याला कळत नव्हतं, तरी हॉस्पिटल येईपर्यंत तिने तो सोडला नाही.