कारणाचा रकाना

दिवाळखोरीच्या अर्जात कारणाचा रकाना होता. वकिलाने विचारलं, "आजारपण? नोकरी गेली? धंदा बुडाला?"

श्रीपादराव दरवेळी नकारार्थी मान हलवत राहिले. शेवटी त्यांची बायको विनताच बोलली, "पोरीचं लग्न, जी. माझ्या बहिणीनं सिहोऱ्यात आठशे लोक जेवू घातले, मग आम्ही दीड हजार घातले. कर्ज झालं, पण इज्जत राहिली!"

वकिलाने लिहून घेतलं. "अर्ज मंजूर होईल, ताई. काळजी करू नका."

विनताने भक्तिभावाने हात जोडले. "नर्मदामैयाला नवसच बोलली मी. मंजूर झाला, की आमच्या अख्ख्या अधारताल मोहल्ल्याला भंडाऱ्याचं जेवण!"

मग तिने हळूच विचारलं, "उधारीवर करून देणारा हलवाई आहे का जी, तुमच्या ओळखीत?"