टोपी आणि पट्टा

मंगळवारी सकाळी म्हातारा विंडहॅम स्वतः चालत लॉकरपाशी आला, तेव्हाच क्लेटन मॅबरी काय ते समजला. एरवी हा कोच कुणासाठी खुर्ची सोडत नसे.

“पोरा, डावांची वही दे,” विंडहॅम म्हणाला.

“आजच?”

“मालकांना तुझ्या जागी कॉलेजातला तो नवा पोरगा हवाय. भांडलो मी. खूप भांडलो.”

क्लेटनने वही दिली, बूट पिशवीत टाकले आणि टोलेडोच्या मैदानातून बाहेर पडला. विंडहॅम फाटकापर्यंत आला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फेकणारा माणूस. लोक पोस्टर लावतात ते त्याचं. क्लेटनही क्वार्टरबॅकच, पण त्याचं पोस्टर कुणी लावलं नव्हतं. पस्तिशी उलटली तरी तो एका संघाच्या बाकावरून दुसऱ्या संघाच्या बाकावर, एवढाच सरकत आला होता. त्याची बायको लोरेन म्हणायची, माझ्याकडे इतक्या घरांच्या मापांचे पडदे आहेत की दुकान काढेन.

टोलेडोत त्याचं काम होतं मैदानाच्या कडेला उभं राहून आतल्या गड्यांना खुणा करायचं. टोपीला हात लावला की चेंडू घेऊन पळायचं, पट्ट्याला लावला की लांब फेकायचा. बाकीचे हातवारे नुसती धूळफेक. समोरच्यांना ही एवढी गोष्ट कळली, तर अर्धा सामना तिथेच संपला.

बुधवारी ओमाहाहून बोलावणं आलं. रविवारी टोलेडोचा सामना ओमाहाशीच होता. या धंद्यात हे असंच चालतं. ज्याच्याशी सामना, त्याने हाकललेला गडी उचलायचा, पिळून घ्यायचा आणि सोमवारी वाटेला लावायचा. यात कुणाला लाजही वाटत नाही.

ओमाहाचा कोच लासिटर उमदा माणूस. त्याने क्लेटनला घरी नेलं, भलामोठा स्टेक समोर ठेवला.

“जेव रे पोटभर. टोलेडोत काय, कोबीच खायला घालत असतील.”

“कोबी बरा असतो तिथला.”

लासिटर हसला. मग त्याने काटा खाली ठेवला. “हे बघ क्लेटन, मी आडून बोलत नाही. खुणा सांग. खऱ्या निघाल्या तर तू इथला. हे वर्ष, पुढचं वर्ष, आणि खेळणं थांबलं की माझ्या हाताखाली कोच. खोट्या निघाल्या तर सोमवारची बस. आणि मग देशभरातला एकही कोच तुझा फोन उचलणार नाही, एवढी व्यवस्था मी करीन.”

क्लेटनने पाण्याचा घोट घेतला. “टोपी म्हणजे फेक,” तो म्हणाला. “पट्टा म्हणजे पळ.”

त्या संध्याकाळी त्याने लोरेनला फोन लावला.

“सांगितल्यास खुणा?”

“सांगितल्या. उलट्या.”

“म्हणजे मी इथले पडदे उतरवत नाही.”

“नको उतरवूस.”

“खांदा मोडला होता तेव्हा म्हाताऱ्या विंडहॅमने तुला हिवाळाभर आपल्या तळघरात ठेवून घेतलं, म्हणून ना?”

“दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं, लोरेन. सूप स्वतः करून आणायचे.”

“काय ते सूप! नुसतं मीठ.”

“नुसतं मीठ,” क्लेटन म्हणाला, आणि दोघंही हसली. मग लोरेन हळूच रडली. तरी लासिटरकडे परत जाऊन खरं सांगायचं त्याच्या मनात आलं नाही.

रविवारी तो ओमाहाच्या बाकावर कोपऱ्यात बसला. आपला हा शेवटचा सामना, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. समोरच्या कडेला, कालपरवापर्यंत तो उभा राहायचा तिथे, टोलेडोचा दुसराच गडी खुणा करत होता. त्याचा हात टोपीकडे गेला. लांब फेक अडवायला ओमाहाचे गडी झपाझप मागे सरले. आता हे पळणार, क्लेटनने मनात म्हटलं, आणि उद्याची बस ठरली.

टोलेडोने चेंडू फेकला. मागे सरलेल्या ओमाहाच्या गड्याने तो अलगद झेलला.

तुक्का लागला, क्लेटनला वाटलं. पण पुढच्या वेळी पट्ट्याला हात गेला आणि टोलेडोचा गडी चेंडू घेऊन थेट ओमाहाच्या गड्यांच्या भिंतीवर धडकला. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. उत्तरार्धात विंडहॅमने खुणा सोडून एकेका गड्याबरोबर निरोप धाडायला सुरुवात केली, पण तोवर सामना हातचा गेला होता.

शिट्टी वाजली आणि लासिटरने क्लेटनला मिठीच मारली. “बायकोला म्हणावं, घर बघ! लबाडा, मला वाटलं होतं तू गंडवशील!”

क्लेटनला नोकरी मिळाली होती, आणि आनंद मात्र तिळमात्र होत नव्हता. मैदानाच्या मध्यावर विंडहॅम एकटाच उभा होता. आपण त्याला विकलं, असंच तो समजणार. शपथ घेऊन सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? तरी क्लेटन गेला. हात पुढे करताना त्याला मान वर करवत नव्हती.

“कोच, मी तुमच्या खुणा...”

म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“तू फाटकाबाहेर पडलास आणि मी लगेच टोपी-पट्ट्याची अदलाबदल केली रे,” विंडहॅम म्हणाला. “मला वाटलं, तू त्यांना खरं सांगशील.”