डाव्या हाताची फेक

“आकडा घट्ट बसला का?” देवूच्या बायकोने, भागीने विचारलं.

देवूने मान हलवली. हातभर खैराची काठी, शेंड्याला बकऱ्याच्या शिंगाचा आकडा, वरून भेंडीच्या झाडाच्या सालीचा दोरा. आकड्यात बांबूचा भाला टेकवून काठी फिरवली, की भाला गोफणीतल्या दगडासारखा सुटे. पोरं काठीच्या टोकाला चिखल लावून भिरकावतात, ते बघून त्याला हे सुचलं होतं.

त्याचा उजवा हात आता खांद्यावर जात नव्हता. डाव्याला जोर नव्हता. काठीने तो हात लांब केला होता.

उजवा हात गेला पंढरीच्या दांडक्याने. पंढरी घाटावरून आलेला पहारेकरी. तारापूरकडे कामं निघाली त्या साली कुण्या ठेकेदाराने पाम गावच्या माळावर खडी टाकायला तारेचं कुंपण घातलं, आणि पाड्याचा देव, वाघोबा, आत अडकला. देवू नव्या भाताची ओंजळ घेऊन तारेखालून शिरला, तर दांडकं खांद्यावर बसलं. ओंजळ मातीत सांडली.

“देव बी यांच्या बापाचा झाला?” भागी धुमसत होती. जुना तांदूळ संपलेला. कणगी नव्या भाताने भरलेली, पण वाघोबाला दिल्यावाचून दाणा तोंडात घालायचा नाही. उखळ गप्प. पोरं रानातल्या कडूकंदावर दिवस काढत होती. “मार त्याला. मी कुनाला बोलनार नाय.”

देवू भाल्याच्या टोकाला पळसाच्या पानाची पुडी बांधत होता.

“विख हाय?”

“हात नको लावू.”

“नेम लागंल ना?”

“एकच भाला हाय. चुकून नाय चालायचं.”

दिवस कलताना दोघं तारेशी उभी राहिली. पंढरी उंबराखाली, नेमका वाघोबाच्या शेंदऱ्या दगडापुढे बसून बिडी ओढत होता.

“परत आलास व्हय रं?” तो हसला. “दुसरा हातबी मोडून पायजे का?”

भागीची कानशिलं तापली. “मार!”

डावा हात मागे गेला. काठी फिरली. भाला सणसणत सुटला. पंढरी बिडी टाकून भुईवर आडवा झाला, आणि भाला त्याच्या डोक्यावरून निघून गेला.

“चुकला!” भागी किंचाळली. “मुडद्या, एवढं केलंस नि चुकला!”

देवूने डावा हात लोंबत्या उजव्याला जोडला. उंबराखाली, दगडावर, पानाची पुडी फुटली होती. नव्या भाताचे पिवळे दाणे शेंदरावरून घरंगळत होते.

“चूल पेटव, भागी,” तो म्हणाला. “वाघोबा जेवला.”